पाहुणे गाण्याला येताहेत

कोल्हापूरला माणसं येतात ती बहुतेक अंबाबाईला. तिथून जोतिबा, मग पन्हाळा, आणि या धावपळीत पोटात जागा राहावी म्हणून वाटेत काही खायचं नाही असं घरूनच ठरवून आलेली असतात. अलीकडं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून तारखेला येणारेही वाढलेत. त्यांची तारीख पुढं पडली तरी तोंडावर दुःख दिसत नाही, कारण तोवर दुपार झालेली असते आणि खानावळीत पंगत बसलेली असते. कुणी चपला घ्यायला येतं, कुणी गूळ न्यायला, कुणी कुस्ती बघायला. पण "गाणं ऐकायला कोल्हापूरला येतोय" म्हणणारा माणूस आमच्या नात्यागोत्यात पहिल्यांदाच निघाला. ते म्हणजे आमचे साडूभाऊ.

साडूभाऊ पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ जो सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, त्याला ते इतक्या निष्ठेनं जातात की डिसेंबरात त्यांच्या घरी लग्नाची बोलणीसुद्धा होत नाहीत. सोबत घडीची खुर्ची, थर्मास, कानटोपी आणि कार्यक्रमपत्रिकेवर खुणा करायला दोन रंगांची पेनं. कोणता राग किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला, याची ते वहीत नोंद ठेवतात. गाणं कसं झालं असं विचारलं तर वही उघडून सांगतात.

तर या साडूभाऊंचा निरोप आला. 'आपल्या गावास कलापूर म्हणतात. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांची कर्मभूमी. तरी दोन रात्री मुक्कामाला येत आहोत. सोबतचा तक्ता भरून पाठवावा.' तक्त्यात रकाने होते ते असे : वार, वेळ, ठिकाण, कलाकार, राग (माहीत असल्यास), शेरा.

बायकोनं चष्मा लावून तक्ता नीट पाहिला आणि शेवटच्या रकान्यापासून भरायला घेतला. सकाळी मिसळ. दुपारी तांबडा-पांढरा. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. रात्री गंगावेशीत दूध. दोन दिवसांचा 'शेरा' पाच मिनिटांत भरला. बाकीचे रकाने तिनं माझ्याकडं सरकवले. "गाण्याचं तेवढं तुम्ही बघा," म्हणाली.

साडूभाऊंचं चुकत होतं असं नाही. अल्लादिया खाँसाहेब १८९५ साली शाहू महाराजांच्या दरबारात आले आणि महाराज १९२२ साली गेले तोवर इथंच राहिले. तरुणपणी एका संस्थानिकानं त्यांना दिवसच्या दिवस गायला लावलं होतं, त्यात आवाज बसला. दुसरा असता तर गाणं सोडून शेतीला लागला असता. यांनी त्या बसलेल्या आवाजाला झेपेल अशी वळणावळणाची, पेचदार गायकी घडवली, आणि ती पुढं चांगल्या आवाजाच्या लोकांनाही झेपेना. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले, अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करायचे. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडं शिकले, आणि याच गावच्या धोंडूताई कुलकर्णीही.

आणि एवढं होऊन घराण्याचं नाव काय, तर जयपूर-अत्रौली. शेजारच्या आप्पांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हा अन्याय त्यांना बरोबर कळतो. "पूर्वज अत्रौलीचे, ठीक हाय," ते म्हणतात. "जयपूरचं पण हुईल काहीतरी. पण सत्तावीस वर्षं पगार कुणी दिला ओ?"

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर नासानं जी सोनेरी तबकडी अवकाशात धाडली, तीत केसरबाईंची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ हे यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. म्हणजे कोल्हापूरच्या पगारावर वाढलेलं गाणं ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन पोचलंय. पुण्याहून निघालेले साडूभाऊ मात्र सातारा-कागल रस्त्याच्या कामातून कोल्हापुरात किती वाजता पोचतील, हे नासालाही सांगता यायचं नाही. म्हणून पहिल्या दिवसाचा 'वेळ' हा रकाना मी मोकळाच ठेवला.

मग चौकात चहाच्या गाड्यावर विषय काढला. कोल्हापुरात सल्ला मागावा लागत नाही, फक्त ऐकू येईल इतक्या आवाजात स्वतःशी बोलावं लागतं.

एक म्हणाला, देवल क्लब. बरोबर आहे. १८८३ पासूनची संस्था, मोठमोठे गवई तिथं गाऊन गेलेत. पण बैठक असेल त्या दिवशी साडूभाऊ नसणार आणि साडूभाऊ असतील त्या दिवशी बैठक नसणार, एवढं मला आमच्या नशिबाचं माहीत आहे. दुसरा म्हणाला, केशवराव भोसले नाट्यगृह. आणि मग कुणी काही बोललं नाही. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर ते. २०२४च्या ८ ऑगस्टला रात्री ते जळालं, आणि दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या रस्त्यावर उभं राहून रडणाऱ्यांत असे कितीतरी होते, ज्यांनी तिथं आयुष्यात कधी तिकीट काढून नाटक पाहिलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला एकदा झाडाचं काम केलं होतं, एवढाच संबंध. पुन्हा बांधायचं काम हाती घेतलंय. तक्त्यात मी ते ठिकाण लिहिलं आणि 'कलाकार' या रकान्यात काही लिहिलं नाही.

"पालखी दाखव की," गाडीवाला म्हणाला. शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी निघते. वाजंत्री असते, गर्दी असते, आणि देवळाच्या त्या काळ्या दगडात आवाज असा घुमतो की साडूभाऊंची वही मिटलीच असती. मी उत्साहानं घरी येऊन शुक्रवार लिहिला. बायकोनं तो खोडला.

"शुक्रवारी मटण हाय."

"मग पालखी झाल्यावर जेवू."

"भाऊजी दहाला गोळी घेऊन झोपतात. गोळी जेवणानंतरची हाय."

कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे पोटासाठी राखून ठेवलेले वार. देवीनंही नेमका शुक्रवारच घ्यावा, हा या शहराच्या नियोजनातला मूळ पेच आहे. मटण खाऊन देवळात जायचं नाही, देवळातून आल्यावर रात्री अकराला पांढरा रस्सा प्यायचा नाही, आणि पाहुणा बिनमटणाचा परत पाठवायचा नाही. एवढ्या अटींतून वाट काढायला खाँसाहेबांचीच गायकी पाहिजे.

म्हणून मी एक अख्खी सकाळ मिरजेला देऊन टाकली. पन्नासेक किलोमीटर. साडूभाऊ सवाईत ज्या तंबोऱ्यांच्या जोडीकडं डोळे मिटून बसतात, ती जोडी बहुधा तिथल्याच सतारमेकर गल्लीतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचं लाकूड. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बघण्यासारखी गोष्ट म्हणजे जवारी. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, फिरवतो म्हणजे नुसती टेकवून उचलतो, तार छेडतो, मान एका बाजूला करून ऐकतो, पुन्हा टेकवतो. मग तारेखाली एक सुताचा धागा घालून तो कणभर पुढं सारतो आणि मघापर्यंत टणटणणारी तार एकदम गायला लागते. समोर बसलेल्याला काय बदललं ते दिसत नाही. गल्लीतून स्कूटर गेली की तो थांबतो, स्कूटर लांब जाऊ देतो, परत तार छेडतो.

तिथंच मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते १९३७ साली गेले. उरुसाला दर्ग्याच्या आवारात गवई हजेरी लावतात आणि तिकीट नसतं. साडूभाऊंना हे फोनवर सांगितल्यावर त्यांचा आवाज हलका झाला. तेवढ्यात बायकोनं फोन घेतला. "मिरजेला जाताच आहात भाऊजी, तर गुडघा दाखवूनच या. दवाखाने चांगले हैत तिथं. रिपोर्ट संगं ठेवा." तक्त्यात मिरजेसमोर 'शेरा' म्हणून 'उपाशीपोटी जाणे (रक्त तपासणी)' असं पडलं.

राहिली संध्याकाळ. इथं आप्पांनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या मते पाहुण्याला गणपती विसर्जनालाच बोलवावं. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत संपत नाही, म्हणजे सवाईपेक्षा गाणं जास्त. मी म्हटलं, आप्पा, तिथं डॉल्बी असते. छातीचं हाड वाजतं, आणि ते लाइव्ह नसतं.

"पोरं लाइव्ह हैत की!"

यावर उत्तर नाही. तरी मी हलगीचा आग्रह धरला. खासबागेत मैदान असलं की हलगी, घुमकं आणि कैताळ यांच्याशिवाय कुस्तीला रंग चढत नाही. हे मैदान १९१२चं, आणि नाट्यगृह त्याच्या शेजारी, दोन्हीही शाहू महाराजांची. एकाच माणसाला दोन्हीचा नाद होता, म्हणून आमच्या गावात गवई आणि पैलवान एकाच दुकानात दूध पीत आले. हलगीवाल्याकडं कधी जवळ जाऊन बघावं. तो आधी रद्दीचा कागद पेटवतो. त्या जाळावर हलगी धरतो, फिरवतो, बोटानं टिचकी मारून ऐकतो, नाक मुरडतो, पुन्हा धरतो. चामडं तापून आवळलं आणि टिचकीला टण्ण बोललं, की एका हातात बारीक काडी आणि दुसऱ्या हातात जाड टिपरू घेऊन तो असा सुटतो की लंगोट न लावलेल्याचीही मांडी थोपटली जाते. मिरजेचा तो कानसवाला आणि हा कागद पेटवणारा, दोघांची मान ऐकताना एकाच बाजूला झुकते. साडूभाऊ या दोघांची नोंद वहीच्या एकाच पानावर करतात का, हे मला बघायचं होतं. त्यासाठी मी त्यांची रक्त तपासणीसुद्धा रद्द करायला तयार होतो.

पण मैदान कधी, याची तारीख मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, "ठरलं की कळंलच." साडूभाऊंचे फोन वाढले. बैठक नक्की कुठं? सुरू किती वाजता? तबल्याला कोण? मी म्हणायचो, बघतो. ते म्हणायचे, आपलं आरक्षण 'बघतो'वर होत नाही. बायको मागून ओरडायची, "कोंबडं की बकरं, तेवढं आधी विचारा!"

शेवटी तोडगा आप्पांनीच काढला. त्यांच्या नातवाचं लग्न निघालं. वरातीला बँड सांगितलेला. त्यातला क्लॅरिनेटवाला म्हातारा आहे. लहानपणापासून नाट्यपदांच्या रेकॉर्डी ऐकून त्यानं सगळा हात बसवलाय. हल्लीची गाणी वाजवताना तो दमल्यासारखा उभा असतो. पण वरात देवळापाशी थांबली आणि कुणी नोट दाखवली की म्हातारा डोळे मिटतो, गाल फुगवतो आणि जुन्या नाटकातलं पद असं काढतो की घोडासुद्धा पाय आपटायचा थांबतो. नाचणारी पोरं वैतागतात. बायका पदर सावरून उभ्या राहतात. ते मी स्वतः रस्त्यात गाडी बंद करून ऐकलंय, आणि सभागृहात पंख्याखाली बसून ऐकलेल्या कितीतरी गाण्यांपेक्षा ते मला जास्त लक्षात आहे.

मी लगेच फोन स्पीकरवर टाकला आणि आप्पांची साडूभाऊंशी गाठ घालून दिली.

"नमस्कार. कार्यक्रम किती वाजता आहे?" साडूभाऊंनी विचारलं.

"निघंल तवा."

"म्हणजे साधारण?"

"नवरा तयार झाला की."

पलीकडं पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. "लिहून घेतो. वेळ : नवरदेव तयार झाल्यावर. कलाकार : क्लॅरिनेट. राग?"

"राग बँडवाल्याचा असतोय, पैसे द्यायला उशीर झाला की."

साडूभाऊ क्षणभर थांबले. मग अगदी सवाईच्या कार्यकर्त्याशी बोलावं तशा अदबीनं त्यांनी विचारलं, "आणि आसनव्यवस्था कशी असते?"

"बसतंय कोण ओ वरातीत? नाचायचं असतंय."

"माझा गुडघा दुखतो. माझी घडीची खुर्ची आहे, ती आणली तर चालेल ना?"

"आणा की, आणाच," आप्पा खूश होऊन म्हणाले. "नवऱ्याला घोड्यावर चढवायला लागतीया."