काट्यावर आधी रिफ्लेक्टर बघा

परवा रात्री नऊच्या सुमारास नागजकडून जतला येत होतो. समोरच्या ट्रकनं अप्पर काही खाली केला नाही. डोळे दिपले. तो गेला आणि पुढ्यात एकदम वाढ्यांचा झुपका! उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन डांबरावरच उभी होती. नशीब बलवत्तर, गाडी चार हातांवर थांबली. खाली उतरलो तर विशीतला पोरगा चाकाला दगड लावत होता. त्याला म्हटलं, मागं लाइट नको का रे? तो म्हणाला, "चालूच हाय की, मामा."

थंडीत गाडी जपून चालवा म्हटलं की लोक धुक्याचंच सांगतात. जतकडं धुकं पडलं तर पहाटे तास-दोन तास. ट्रॉली रात्रभर रस्त्यावर असते. ताशी 60च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. दिसलं, उमगलं, पाय ब्रेकवर गेला, यातच एक-दीड सेकंद सरतो. ब्रेक लागायच्या आधीच 17 ते 25 मीटर संपले! धुळीनं माखलेली ट्रॉली डिप्परवर कितीशी आधी दिसणार? तिच्या मागं लाल रिफ्लेक्टर असेल तर तो लांबूनच चमकतो.

ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर हवाच, असा नियम आहे. मग तो नसलेली ट्रॉली कारखान्याच्या गेटातून आत येतेच कशी? मोळीतल्या पाचटाचं वजन काट्यावर न चुकता कापलं जातं. तीच नजर ट्रॉलीच्या मागच्या बाजूलाही फिरवा. पट्टी नाही तर काटा नाही. पहिल्याच खेपेला असं परत पाठवलं, तर दुसऱ्या खेपेला ट्रॉली चमकत येईल.

आणि हे रस्ता सुरक्षेच्या महिन्यात नको. तो येतो जानेवारीत. गेटवर पट्ट्या चिकटवतात, फोटो निघतात. तोवर निम्मा हंगाम उरकलेला असतो. त्याआधीच कार्तिकी अमावास्येला गुड्डापूरच्या दानम्मादेवीची यात्रा होऊन जाते. कर्नाटकातून, सोलापूरकडून माणसं पायी येतात, ऐन अंधाऱ्या रात्रींत, याच रस्त्यांच्या कडेनं. जानेवारीतली पट्टी त्यांच्या काय कामाची?

या ट्रॉल्यांवर आपलीच माणसं असतात. जत तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दरसाल ऊसतोडीला जातात. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या आणि वर गोधडीत झोपलेली लेकरं. मागून धडकणारा आपला, वर झोपलेलं पोरही आपलंच.

ट्रॅक्टरवाल्या पोरांनाही सांगतो. डेकचा आवाज कमी ठेवा, मागचा हॉर्न ऐकू येऊ द्या. पंक्चर निघाल्यावर चाकाखालचे दगड तिथंच सोडून जाऊ नका. ट्रॉली जाते, दगड राहतात, आणि पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला दुचाकीवाला त्यांवर आदळतो.

त्या रात्री माझ्या गाडीतला लाल त्रिकोण ट्रॉलीच्या मागं पन्नास पावलांवर ठेवला. मग दोघांनी मिळून बैलांसाठी बांधलेली वाढ्यांची मोळी सोडून वर फेकली. खाली दिवा खरंच लागलेला होता. पोरगा त्याच्याकडं बघतच राहिला. त्रिकोण त्यालाच ठेव म्हटलं, आणि दगड उचलूनच हलायचं, हे कबूल करून घेऊन निघालो.