पायीची वहाण : जपानी संस्कृतीची पायाभूत मीमांसा

जपानी संस्कृतीची ओळख करून देणारे ग्रंथ बहुधा फुजी पर्वतापासून निघतात, चेरीच्या बहरातून चहाकडे वळतात आणि सुमो पैलवानांपाशी पोहोचेपर्यंत दमतात. ही पद्धतच उफराटी आहे. ज्या देशात कोणाच्याही घरी गेले की माणसाला आधी खाली बघावे लागते, त्या देशाचा अभ्यास डोंगराच्या माथ्यावरून कशाला करायचा? प्रस्तुत निबंधात तो पायातल्या वहाणेपासून आरंभिला आहे. पूर्वसूरींनी हा विषय क्षुल्लक म्हणून उंबऱ्याबाहेरच ठेवला होता. वहाणेच्या बाबतीत ते एक प्रकारे योग्यच झाले म्हणा.

प्रथम क्षेत्रविचार. जपानी घराचे दार उघडले की लागते ते ‘गेनकान’. ही जागा घराच्या छपराखाली असते, पण घरात नसते. बाहेरची जमीन इथवर येते आणि थबकते. पुढे एक पायरी आणि पायरीच्या वर घर. म्हणून तिथला यजमान ‘आत या’ऐवजी ‘वर या’ म्हणतो. पाहुणा ‘ओजामा शिमासु’ असे पुटपुटत वर चढतो, म्हणजे ‘त्रास द्यायला आलो आहे’. (हीच भावना आपल्याकडे यजमान व्यक्त करतो, आणि तीही पाहुणा गेल्यावर.) बुटांसकट वर चढण्याला ‘दोसोकु’ असा शब्द आहे. त्याचा अक्षरार्थ ‘मातीचे पाय’. दुसऱ्याच्या मनात आगाऊपणे शिरण्यालाही हाच शब्द लावतात. यावरून जपानी मनालाही गेनकान असते, हे सिद्ध होते.

आता विधी. वहाण घराकडे तोंड करून काढावी. वर चढावे. मग किंचित तिरके वळून, गुडघा टेकून, तिची टोके दाराकडे करून ठेवावी. येथे अशी शंका येते की, मुळात उलट्या पावलीच आत गेल्यास एवढा खटाटोप वाचेल. समाधान : त्याने यजमानाकडे पाठ होते. बूट वळवतानाही पूर्ण पाठ फिरवायची नाही, म्हणून तर ते तिरके वळणे. हा सूक्ष्म कोन कोणत्याही भूमितीच्या पुस्तकात आढळत नाही.

काढलेल्या बुटांच्या बदल्यात पाहुण्याला स्लीपर मिळते. ती घालून चार पावले टाकतो न टाकतो, तोच तातामीची खोली येते. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या गादीवर लव्हाळ्याची चटई; तिच्यावरच बसायचे, तिच्यावरच अंथरूण घालायचे. तेव्हा स्लीपरही बाहेर. पुढे शौचालय. तिथे दाराशी निराळी स्लीपर वाट पाहत असते. तिचे राज्य जेमतेम दोन पावलांचे, परंतु सीमा अत्यंत कडक. ती घालून चुकून जेवणाच्या खोलीत परतलेल्या पाहुण्याविषयी यजमान एक अक्षरही बोलत नाहीत. तेच भयंकर असते.

इतिहासकारांनी लढाया मोजल्या, वहाणा मोजल्या नाहीत. त्यामुळे सोळाव्या शतकाचा जपान नीट उलगडत नाही. तोयोतोमी हिदेयोशी हा सामान्य घरातला पोरगा सरदार ओदा नोबुनागाच्या पदरी वहाणा सांभाळायला होता. आख्यायिका अशी की, हिवाळ्यातल्या एका सकाळी नोबुनागाने पाय घातला, तर वहाण ऊबदार लागली. ‘माझ्या वहाणेवर बसला होतास काय रे?’ असे दरडावल्यावर पोराने सांगितले, छातीशी धरून गरम केली. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही आपली म्हण त्याच्या कानी गेली नाही, हे त्याचे भाग्य. 1590 पर्यंत अख्खा जपान त्याच्या मुठीत आला.

परंतु वहाणेने वर चढलेला माणूस वहाणेला विसरत नाही. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या महाद्वारावर मजला चढवायला चहाचार्य सेन नो रिक्यू याने हातभार लावला होता. कृतज्ञतेपोटी तिथे रिक्यूचा लाकडी पुतळा बसवला गेला, आणि त्याच्या पायांत होत्या ‘सेत्ता’ वहाणा. हिदेयोशी त्याच दारातून जाणार, म्हणजे रिक्यूच्या वहाणांखालून! 1591 मध्ये सत्तरीच्या रिक्यूला पोट चिरून घेण्याचा हुकूम सुटला. पुतळ्यालाही वधस्तंभावर चढवले. विद्वान या मृत्यूची इतर कारणेही देतात : चहाच्या भांड्यांच्या किमती, राजकारण, मत्सर. आम्ही ती आदराने बाजूला ठेवतो. आपण संतांच्या पादुका पालखीत घालून पंढरपुराला नेतो आणि त्यांच्याखालून जाणे भाग्याचे मानतो. एवढी एक चाल क्योतोत असती, तर रिक्यू वाचता.

अर्थशास्त्राकडेही वळले पाहिजे. अंगठा वेगळा असलेल्या जपानी मोज्याला ‘ताबी’ म्हणतात. क्युशू बेटावरच्या कुरुमे गावी इशिबाशी शोजिरो याने घरच्या ताबीच्या धंद्यात लक्ष घातले, ताबीला रबराचा तळ लावून मजुरांसाठी विकायला काढली आणि रबर हाताशी आलेच आहे म्हणून 1931 मध्ये टायरची कंपनी थाटली. इशिबाशी म्हणजे दगडी पूल. त्याचे इंग्रजी करून शब्द उलटे ठेवले, ‘ब्रिजस्टोन’. आपल्या रस्त्यांवर मोटारी धावतात, त्यांतल्या काही अशा रीतीने मूळच्या मोज्यांवर धावतात.

राहिला निरोपाचा विधी. पाहुणा ‘त्रास दिला’ असे भूतकाळात म्हणत गेनकानात उतरतो, तेव्हा त्याला दिसते की, त्याने वेडेवाकडे टाकलेले बूट कोणीतरी मधल्या वेळात दाराकडे तोंड करून नीट जुळवून ठेवले आहेत. हे आतिथ्य की ‘आता निघा’ अशी सूचना, यावर मतभेद संभवतात. आम्ही पहिल्या पक्षाचे. हिवाळ्यात मात्र ते बूट थंडगार असतात. हिदेयोशीनंतर या शाखेत पुढे काही काम झालेले दिसत नाही.