दहा मिनिटांचं काम

रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये नुसते दोन पाय दिसतात. बाकीचा माणूस जीपखाली असतो. तो जीपवाला.

आठवडाभर हा हिंजवडीत संगणकासमोर बसतो. घरातला बेसिनचा नळ चार महिने ठिबकतोय, त्याला प्लंबर लागतो. पण जीपला परका हात लागलेला खपत नाही. जीप बिघडली असं तो कधी म्हणत नाही. ‘जरा काम काढलंय’ म्हणतो, जसं दिवाळीआधी लोक घराचं रंगकाम काढतात. लग्नाला सिल्कचा कुर्ता घालून, अत्तर लावून येतो, पण त्याच्या अक्षता वेगळ्या ओळखू येतात. त्यांना ग्रीस लागलेलं असतं.

मागच्या पावसाळ्यात त्यानं ताम्हिणीकडच्या एका ओढ्यात जीप घातली. ‘हिला पाणी आवडतं.’ तिला आवडलं असेल. मागच्या उजव्या चाकाला आवडलं नाही. ऑइल सील गेलं आणि गियर ऑइल ब्रेकच्या लायनरवर उतरलं. सील बदलायचं तर एक्सल बाहेर काढायला हवा, आणि एक्सल काढायचा तर आधी हब निघायला हवा.

“दहा मिनिटांचं काम आहे. तू फक्त बॅटरी धर.”

सकाळचे साडेआठ वाजले होते. बॅटरी धरणं हे जगातलं सर्वांत अपमानाचं काम आहे. ज्याच्या हातात पाना असतो तो नट सोडून बॅटरीवाल्यावरच चिडतो.

जीपखालून इतिहासाचा तास सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. त्यांच्या मागच्या चाकाचे सहा बोल्ट खोलले की एक्सल हातात यायचा. युद्ध संपलं, जीप शेतीच्या कामाला लागली, आणि एक्सलचं टोक निमुळतं झालं. त्यावर हब दाबून बसवायचा, खाचेत चावी सरकवायची, वरून नट आवळायचा. त्याच्या महिंद्राच्या थ्री-बी जीपला हाच प्रकार आहे. त्यात गंज चढला की संपलंच, कारण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो. थोडक्यात, बॉम्ब पडत होते तोवर एक्सल सहज निघत होता. शांतता झाली आणि माझा रविवार गेला.

नटाची स्प्लिट पिन आतच तुटली. ती खिळ्यानं ठोकून काढली. पान्यात चार फुटी पाइप घालून जीपवाला त्यावर उभा राहिला, मी ब्रेक दाबून बसलो, तेव्हा कुठे नट हलला. पण तो पूर्ण काढला नाही, दोन आटे ठेवले. “हब सुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो,” तो आनंदानं म्हणाला. मी बॅटरीसकट बाजूला सरकलो.

हब ओढायला पुलर लावला. हब ढिम्म.

मग माणसं जमली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका म्हणाले, “रॉकेल सोड आणि तासभर विसर.” सोडलं, विसरणं मात्र कुणाला जमेना. बी विंगच्या इंजिनिअरनं सांगितलं, “हब तापवा. तो फुगेल, शाफ्ट थंड राहील.” गॅस आणला. ग्रीस जळल्याचा वास पाचव्या मजल्यापर्यंत गेला आणि तिथून एक पोरगी विचारायला आली, काकू काय करपवताहेत. एकानं घण उचलला. “टोकावर नको!” जीपवाला ओरडला, “आटे जातील!” घण पुलरच्या बोल्टावर पडला. हब ढिम्म. मग नट ढिलाच ठेवून, चाक चढवून, जीप मोकळ्या मैदानात आठच्या आकड्यात फिरवली. हा जुना जालीम उपाय आहे, आणि हात-पाय प्रिय असतील त्यानं करू नये. जीपवाल्यानं तो दोनदा केला.

संध्याकाळ झाली. कोपऱ्यातल्या खुर्चीतला वॉचमन गावाकडे ट्रॅक्टर चालवायचा. दिवसभरात तो एकच वाक्य बोलला, “साहेब, पुलर आवळून ठेवा आन् जेवायला जा.”

रात्री अडीचला धाड्‌कन आवाज झाला. कुत्री उठली, तीन गाड्यांचे भोंगे वाजले, कुणीतरी सिलिंडर म्हणून ओरडलं. जीपवाला पायजम्यातच खाली पळाला. बॅटरी त्यानं स्वतः धरली होती. हब अर्धा इंच पुढे येऊन त्या दोन आट्यांच्या नटावर अडला होता.

वरून वहिनींचा आवाज आला, “निघालं?”

“निघालं!”

“मग या वर.”

सकाळी काका म्हणाले, रॉकेलच शेवटी कामाला आलं. इंजिनिअरनं गॅसचं नाव घेतलं. घणवाला नुसताच दंड चोळत होता. वॉचमन चहा पीत होता. जीपवाला करंगळीएवढी चावी स्वच्छ रुमालानं पुसत होता. एवढ्या मायेनं त्यानं स्वतःचा चष्मा कधी पुसलेला मी पाहिला नाही.

“पुढच्या रविवारी डावीकडचं,” तो म्हणाला.

“पण ते सील तर चांगलं आहे!”

“असं कसं? एका पोराला दिवाळीचे कपडे घ्यायचे आणि दुसऱ्याला नाही?”

शनिवारी संध्याकाळी मी बॅटरीचे नवे सेल आणले.