शामराव सोडतात

शामराव सिगारेट ओढतात असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते सिगारेट सोडत असत. मी कोल्हापूरच्या कचेरीत चिकटलो तेव्हा ते सोडत होते, माझं लग्न झालं तेव्हा सोडत होते, आणि माझा मुलगा दहावी झाला त्या दिवशी उजव्या हातानं पेढा घेताना डाव्या हातातली पेटती कांडी पाठीमागं धरून म्हणाले, "ही शेवटची बघ, भावा. उद्यापासनं बंद." नुसते ओढणारे जगात पुष्कळ. पाकीट काढतात, ओढतात, खोकतात, विषय संपला. सोडणाऱ्याचा व्याप मोठा असतो. त्याला तारीख लागते, साक्षीदार लागतात आणि मुख्य म्हणजे कारण लागतं. शामरावांची उभी नोकरी त्या कारणाच्या शोधात गेली. साधंसुधं कारण त्यांना चालायचं नाही. "माणूस आतनं पेटून उठला पाहिजे," असं म्हणत ते काडी ओढायचे.

तारखांची मात्र ददात नव्हती. पाडवा, अक्षय्य तृतीया, जोतिबाची चैत्र यात्रा, 31 मेचा तंबाखूविरोधी दिन, नातेवाइकांचे वाढदिवस, झालंच तर एक जानेवारी. वर्ज्य दिवसही होते: अमावास्येला शुभ काम करायचं नाही, संकष्टीला उपासानं आधीच डोकं धरतं, आणि मार्चअखेर असलं काही मनात आणणारा माणूस सरकारी नोकरीत टिकणार नाही. पाडव्याचा संकल्प बहुधा गुढीच्या आधी उतरायचा.

पण शेवटची ओढण्याचा सोहळा बघावा तर त्यांचाच. एरवी फायलीत मान घालून ओढत, राख कुठं पडते याची शुद्ध नसे. 'शेवटची' असली की गणपाच्या पानटपरीमागच्या दगडावर बैठक. कांडी आधी पाकिटावर ठोकायची, मग अंगठ्याच्या नखावर, मग नाकाखालून एकदा न्यायची. खिशात लायटर असला तरी टपरीच्या खांबाला टांगलेल्या जळत्या सुंभावरच ती पेटवायची. पहिली तशीच पेटवली होती म्हणे. पहिला झुरका डोळे मिटून. मग मुलगी सासरी निघाल्यासारखं त्या धुराकडं बघत राहायचं. थोटूक बुटाखाली विझलं की लायटर शिपाई महादूच्या हातावर ठेवायचा: "घे, तुला. मला नको आता." महादू तो खणात टाकायचा आणि तीनचार दिवसांनी एक अक्षर न बोलता काढून द्यायचा. एकदा तर त्यानं गॅसही भरून ठेवला होता.

शामराव मूळ निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. वखारीत माल चाळायला लागले की अख्खी गल्ली शिंकायची, आमच्यात पोरगं रडायच्या आधी शिंकतं, असं ते अभिमानानं सांगायचे. 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी हमरस्त्यावर बसले, तेव्हा शामराव नववीत होते आणि दप्तरासकट त्यांच्यात जाऊन बसले होते. हे त्यांचं हुकमाचं पान. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, विषय काढला की, "ज्या पानाच्या भावासाठी माणसं रस्त्यावर आली, ते पान सोडू? गावाशी गद्दारी करू?" असा सवाल यायचा. वहिनी बिचाऱ्या गप्प बसायच्या. शेवटी मीच एकदा सांगितलं की निपाणीची तंबाखू विडीची. सिगारेटीला लागते ती व्हर्जिनिया, ती आंध्रात आणि म्हैसूरकडं पिकते. तुमच्या गोल्ड फ्लेकशी निपाणीचा संबंध नाही. शामराव दोन दिवस विचारात पडले. तिसऱ्या दिवशी विडीचं बंडल घेऊन आले. गावाची सेवा आठवडाभर चालली, मग घसा धरला आणि ते पुन्हा आंध्राकडं वळले.

सरकारनंही त्यांना कारणं पुरवण्यात कसूर केली नाही. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायची बंदी आली, दोनशे रुपयांपर्यंत दंडाची पाटी कचेरीत लागली. शामराव हरखले. "झालं काम! आता कायद्यानंच सुटली." सुटली ती त्यांची खुर्ची. तिसऱ्या मजल्यावरून गणपाकडं दिवसातून इतक्या खेपा होऊ लागल्या की त्यांच्या फायलींवर मी सह्या करायला शिकलो. पुढं 2016 मध्ये पाकिटाचा पंच्याऐंशी टक्के भाग भयानक चित्रानं व्यापला. शामरावांनी ते चित्र नीट पाहिलं, हळहळले, आणि बाजारातून स्टीलची डबी आणली. 2020 च्या सप्टेंबरात राज्यात सुट्टी सिगारेट विकायला बंदी झाली तेव्हा तर ते खरोखर दुखावले. आजवर ते कमी ओढावी म्हणून एकेक सुट्टी घ्यायचे. आता पाकीट घ्यायचं, आणि घेतलेलं पाकीट संपवायचं. "सरकारच जास्त ओढायला लावतंय, मी काय करणार?" गणपानं चार दिवस कायदा पाळला, मग त्याला दया आली.

लॉकडाऊनमध्ये टपऱ्या मिटल्या, तेव्हा आम्हाला वाटलं की आता आपोआपच सुटणार. पण ज्या माणसाला पेन्शनच्या फॉर्मवर फोटो कुठं चिकटवायचा हे तीनदा सांगावं लागलं, त्यानं कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडून भाजीच्या टेम्पोतून माल कसा आणवला हे मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टरांकडं ते मोठ्या आशेनं जात. छातीचा फोटो काढायला जाताना म्हणाले, "काहीतरी निघू दे रे. निघालं तर जागच्या जागी सोडतो." फोटो स्वच्छ आला. आनंदानं बाहेर येऊन त्यांनी दोन ओढल्या. डॉक्टर हुशार होते, त्यांनी भीती घालायचं सोडून फायदे सांगायला घेतले. शेवटच्या कांडीनंतर वीस मिनिटांत नाडी उतरते, बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड ताळ्यावर येतो, वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. शामरावांनी बारा तास तेवढे उचलले. "म्हणजे रात्री आठ तास झोपतो तेव्हा दोनतृतीयांश सुटलेलीच असते की वो!" डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

त्यांनी निकोटिनचं च्युइंगम लिहून दिलं. ते थोडं चावायचं, जिभेला चुणचुणलं की गालात धरून ठेवायचं, ओसरलं की पुन्हा थोडं चावायचं. एका गोळीला अर्धा तास. शामरावांनी ते पानासारखं कचाकचा चावून गिळलेल्या रसावर अशा उचक्या लावल्या की ऑडिटला आलेल्या साहेबांनी स्वतः उठून पाणी दिलं. उचकी थांबावी म्हणून मग ते खाली गेले. कुठं, ते सांगायला नको.

2018 पासून पाकिटावर सोडणाऱ्यांच्या मदतीचा फोन नंबर छापतात, 1800-11-2356. शामरावांनी तोही लावला, म्हणजे नंबर वाचायला पाकीट काढलं, पाकीट काढलंच आहे म्हणून एक काढली आणि मग लावला. पलीकडच्या बाईंनी मन लावून सांगितलं. तारीख ठरवा, घरच्यांना कल्पना द्या, लायटर देऊन टाका, तल्लफ आली की पाणी प्या, पाचदहा मिनिटं टळली की ती ओसरते. शामराव म्हणाले, "मॅडम, हेच तर करतोय मी पंचवीस वर्षं. दुसरं काय करतोय?"

एवढ्यानं वहिनींनी हात टेकले असते, पण त्यांना काशी आठवली. काशीला गेलं की आवडती एक वस्तू कायमची सोडून यायची, ती पुन्हा तोंडाला लावायची नाही, ही आपल्याकडची जुनी चाल. साठवलेल्या पैशांतून त्यांनी यात्रेची दोन तिकिटं काढली आणि तिकडं जाईपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही. गंगेत उभं राहून गुरुजींनी विचारलं, "यजमान, काय सोडणार?" वहिनींनी यांच्याकडं पाहिलं. यांनी गंगेकडं पाहिलं. ओंजळीतलं पाणी गळत होतं. मग शामराव खणखणीत आवाजात म्हणाले, "कारलं!" वहिनी कोल्हापूरपर्यंत बोलल्या नाहीत. नवरा चार गोष्टींत कमी पडेल पण देवाला फसवणार नाही, याची त्यांना खात्री होती, आणि ती खरीच ठरली. त्या दिवसापासून शामरावांनी कारल्याला हात लावलेला नाही.

तर अशा माणसाची सिगारेट सुटली. काय कारणानं सुटली, ते सांगतो.

निवृत्तीला आठ दिवस होते. शामरावांनी गणपाची उधारी चुकती केली, दगडावर बसून सोहळा केला आणि वर आले. वर आल्यावर कळलं, चष्मा दगडावरच राहिला. परत गेले. टपरीच्या मागच्या बाजूनं येत असताना गणपा आपल्या नव्या भाच्याला शिकवत होता, ते कानावर पडलं. "शामराव सायबांचं एक पाकीट बाजूला काढून ठेव. परवा सांजच्याला येतील. बोलताना वशाळतात, तवा मागायला लावू नगंस. नुसतं फुडं सरकवायचं."

गणपा टिंगल करत असता तर शामराव हसले असते. तो काळजी घेत होता, हे लागलं. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला इथं थोडं सांगावं लागेल. आमच्याकडं माणूस तब्येतीसाठी काही करत नाही, पैशासाठी बेतानं करतो आणि ईर्षेवर वाट्टेल ते करतो. ईर्षेवर इथं निवडणुका होतात, पैजेची जेवणं होतात, आणि पेठांचे फुटबॉल सामने असले की शाहू स्टेडियमवर गोलापेक्षा ईर्षाच जास्त होते. शामरावांनी चष्मा उचलला, शब्द न काढता जिना चढले, आणि महादूला लायटर दिला तो जमिनीवर आपटून. महादू पहिल्यांदा घाबरला.

'परवा सांज' आली. शामराव टपरीसमोरच्या चहाच्या गाड्यावर गणपाला दिसेल अशा जागी बसून राहिले. गणपा वाट बघत होता. भाच्यानं पाकीट हाताशी धरलं होतं. शामरावांनी चार चहा घेतले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी तेच. सोडल्यावर पहिल्या तीन दिवसांत शरीर सगळ्यात जास्त आकांत करतं. ते वहिनींवर आमटीतल्या मिठावरून ओरडले, फाईल उलटी धरून वाचली, खिशात शेंगदाणे भरून हाताला चाळा लावला, रात्री झोप येईना तेव्हा गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन आले. त्यात खोकला वाढला. फुप्फुसं साफ होताना काहींना असा खोकला येतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. पण ओढत होतो तोवर एवढा कधी खोकलो नाही, अशी तक्रार त्यांनी गल्लीत सगळ्यांकडं नोंदवली. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी दोन मैल चालत त्याच गाड्यावर यायचे, गणपासमोर बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. वजन वाढलं. गणपा वाळला.

खरी पंचाईत पुढं झाली. लोक विचारायला लागले, "शामराव, एवढ्या वर्षांत जमलं नाही ते आता कसं जमलं?" पानवाल्यावर सूड म्हणून सोडली, हे कसं सांगणार? डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, तुमच्या शब्दाखातर. वहिनींना सांगितलं, तुझ्यासाठी. सुनेला सांगितलं, नातवासाठी. वहिनींनी आणि सुनेनं एकदा दिवाळीच्या करंज्या करताना हे ताडून पाहिलं, पण सुटली आहे ना, मग कशाला विचारा, म्हणून गप्प राहिल्या. ज्येष्ठ नागरिक संघात 31 मेला त्यांनी 'आत्मबळ' या विषयावर पाऊण तास भाषण केलं, लोक हेलावले, दोघांनी तिथंच सोडल्याचं जाहीर केलं. मला खरं सांगितलं ते रंकाळ्याच्या कठड्यावर, आणि आधी आईची शपथ घालून. आज ती मी मोडतो आहे. पण माझ्या आईचा शपथांवर विश्वास नव्हता.

मध्यंतरी मी त्यांच्याबरोबर गाड्यावर होतो. शामराव उठले, सरळ टपरीपाशी गेले. माझ्या पोटात गोळा आला.

"गणपा, माझं ते पाकीट हाय का रं अजून?"

"ते व्हय?" गणपा सुपारी कातरता कातरता म्हणाला. "ते कवाच इकलं की सायेब. दोन म्हैनं ठेवलं हुतं. म्हटलं, आता काय येत न्हाईसा."

शामरावांचा चेहरा पडला. "इकलंस? आणि मला सांगितलं न्हाईस?" ते पाय आपटत रस्ता ओलांडून गेले, चहाही अर्धा राहिला.

मला त्यांचं लक्षण ठीक दिसेना. मी गणपाला म्हटलं, तसलंच एक पाकीट काढ आणि समोर काचेत लाव, रस्त्यावरून दिसेल असं. विकायचं नाही. पैसे मी देतो.