अनुभवाचा रकाना

ज्या राज्याच्या मद्यविषयक मूळ कायद्याच्या शिरोभागी ‘दारूबंदी’ हा शब्द 1949 सालापासून अबाधितपणे विराजमान आहे, आणि ज्या राज्याच्या तिजोरीत त्याच कायद्याच्या छायेखाली वसूल झालेला महसूल दरसाल हजारो कोटींनी येऊन पडतो, त्या राज्यात एखाद्या सद्गृहस्थाने स्वतःच्या स्वयंपाकघरात बिअर करावी, ती बरी उतरावी, आणि तेवढ्यावरून तिचा एक लहानसा कारखाना काढण्याची वासना त्याच्या मनात उद्भवावी, हा प्रकार वरकरणी उद्योगशीलतेचा वाटला तरी तत्त्वतः तो मीमांसाशास्त्राचा विषय आहे. संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने राज्याला अशी आज्ञा केली आहे की, मादक पेये औषधी प्रयोजनाखेरीज बंद व्हावीत म्हणून त्याने यत्न करावा; सातव्या अनुसूचीने त्याच पेयांवर कर बसविण्याचा अधिकार त्याच राज्याच्या पदरात टाकला आहे; आणि 2017 साली वस्तू व सेवा कर आला, राज्यांचे अनेक जुने कर त्यात विलीन झाले, तेव्हाही पिण्याच्या मद्यावरचा कर राज्यांनी आपल्या हातचा सुटू दिला नाही. आज्ञा आणि अधिकार यांपैकी काय पाळावे, असा पेच पडला असता शहाणे सरकार दोन्ही पाळते: आज्ञा 2 ऑक्टोबरला, आणि अधिकार इतर दिवशी.

आमचे जे स्नेही या मीमांसेत सापडले ते पुण्याच्या एका जुन्या पेठेत राहतात, एका यंत्रांच्या कारखान्यातून मुदतीआधी निवृत्त झालेले अभियंते आहेत, आणि त्यांना व्यसन असे कोणतेच नाही. ही शेवटची गोष्टच त्यांच्या पुढील सर्व विपत्तीचे मूळ होय. कारण व्यसनी मनुष्य दुकानातून बाटली आणतो आणि मोकळा होतो, ती झाली कशी असेल ही जिज्ञासा फक्त निर्व्यसनी मनुष्यालाच परवडते. जवाचे मोड आणून वाळवलेले दाणे, ज्यांना व्यवहारात माल्ट म्हणतात, ते भरडून 66 अंशांच्या आसपास ऊन असलेल्या पाण्यात तासभर ठेवले की पिष्टाची शर्करा होते. तो गोड रस गाळून, हॉप्सची कडू फुले टाकून तासभर उकळायचा, मग शक्य तितक्या त्वरेने निववून त्यात यीस्ट सोडायचे, आणि पुढे आठ-पंधरा दिवस त्याला 18 ते 22 अंशांच्या दरम्यान निवांत राहू द्यायचे, एवढीच ही विद्या आहे. पुण्याच्या एप्रिलात मनुष्यालाच जे तपमान लाभत नाही ते यीस्टला लाभावे म्हणून आमच्या स्नेह्यांनी घरातला मोठा फ्रिज ताब्यात घेतला आणि कैऱ्या, कोथिंबीर व दुधाच्या पिशव्या यांची रवानगी शेजाऱ्यांकडे केली. बाटल्यांत साखर किंचित अधिक पडल्यामुळे एके रात्री कोठीच्या खोलीत लागोपाठ स्फोट झाले, तेव्हा खालच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थांनी दिवाळी कधी आली अशी पृच्छा केल्याचे स्मरते. वहिनींची तक्रार मात्र याहून गंभीर होती. बिअर करणाराचा बहुतेक वेळ बिअर करण्यात जात नसून भांडी निर्जंतुक करण्यात जातो, हे सत्य त्यांच्या ध्यानात आले होते, आणि ज्या पुरुषाने उभ्या संसारात एक चमचा विसळला नाही त्याने एका परदेशी बुरशीच्या सुखासाठी मध्यरात्री पातेली घासावीत, याचा अर्थ लावणे त्यांना जड जात होते.

येथवर सर्व कौटुंबिक होते. परंतु पातेले ही वस्तू आपण समजतो तितकी निरागस नाही. आमच्या अधिनियमाच्या 12 व्या कलमाने मद्य तयार करण्यास मनाई केली आहे, ते समजण्यासारखे आहे. पण 13 व्या कलमाने मादक पदार्थ तयार करण्याची सामग्री, भांडी व उपकरणे नुसती जवळ बाळगण्यासही मनाई केली आहे. म्हणजे तेच पातेले आमटीच्या वेळी पातेले असते, आणि त्यात माल्ट पडताक्षणी मुद्देमाल होते. 1951 साली बलसारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची कलमवार तपासणी करून मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांची मुक्तता केली खरी, पण पातेली जिथल्या तिथे राहिली.

आमचे स्नेही हे सर्व वाचून खिन्न झाले, आणि खिन्न झालेला पुणेकर जे करतो तेच त्यांनी केले: ते प्राचीन ग्रंथांकडे वळले. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. गुत्त्यात निजण्याबसण्याची सोय, गंध, फुले आणि पाणी असावे येथपासून तो पिणाऱ्याच्या खर्चावर हेरांनी नजर ठेवावी येथपर्यंत सर्व व्यवस्था त्यात लावून दिली आहे. आणि त्याच प्रकरणात, कुटुंबवत्सल गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे, तसेच उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सवलत आहे. ज्या आचार्याने राजाला राणीवर विश्वास ठेवू दिला नाही, युवराजावर ठेवू दिला नाही, अमात्यांची तर चार प्रकारांनी परीक्षा घेण्यास सांगितले, त्याने गृहस्थाच्या पातेल्यावर विश्वास ठेवला, ही गोष्ट आमच्या स्नेह्यांनी पुढे प्रत्येक कचेरीत सांगितली, आणि प्रत्येक कचेरीत त्यांना त्या ग्रंथाची साक्षांकित प्रत जोडण्यास सांगण्यात आले.

अमेरिकेत हा पेच सुटला तो असा. तिकडची दारूबंदी 1933 साली उठली, तरी घरी बिअर करणे गुन्हाच राहिला होता. 14 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि प्रौढ मनुष्याला वर्षाकाठी 100 गॅलन बिअर स्वतःपुरती करण्याची मोकळीक मिळाली. कॅलिफोर्नियातील चिको या गावी घरगुती बिअरचे सामान विकणारा केन ग्रॉसमन नावाचा तरुण दुग्धशाळांतून काढून टाकलेल्या टाक्या गोळा करून 1980 साली बिअर करू लागला, आणि त्याची सिएरा नेवाडा कंपनी पुढे त्या देशातल्या मोठ्या बिअर कंपन्यांत गणली जाऊ लागली. आमच्या पुण्यातही 2009 साली डूलालीच्या रूपाने महाराष्ट्रातली पहिली लघु-ब्रुअरी निघाली, आणि तिच्यामागून इतर अनेक निघाल्या; म्हणजे मार्ग नाही असे नाही. मार्ग आहे, फक्त तो स्वयंपाकघरातून जात नाही. आमच्या स्नेह्यांनी ग्रॉसमनचे चरित्र वाचून एका बंद पडलेल्या दुग्धालयाच्या दोन टाक्या विकत घेतल्या, तेव्हा बिलावर ‘दुग्धोपयोगी’ असा शब्द असल्यामुळे एका कचेरीने त्यांच्याकडे दुग्धविकासाचा ना-हरकत दाखला मागितला. तो मिळविण्यास गेले असता तेथील कारकुनाने टाकीत दूध कोठे आहे असे विचारले, आणि दूध नाही हे कळल्यावर हे प्रकरण आपल्या दप्तराच्या कक्षेत येत नाही असा शेरा मारला; तो शेरा हाच दाखला समजावा की नाही, याविषयी वरिष्ठांचे मार्गदर्शन अद्याप मागविलेलेच आहे.

पण खरा प्रसंग बँकेत घडला. कर्जाच्या अर्जात प्रवर्तकाच्या पूर्वानुभवाचा एक रकाना होता, आणि त्या चार बोटे रुंदीच्या रकान्यापुढे आमच्या स्नेह्यांची लेखणी थबकली. खरे लिहावे तर तो 12 व्या व 13 व्या कलमांखालचा कबुलीजबाब होतो, आणि तोही स्वहस्ताक्षरात, दोन प्रतींत, छायाचित्रासह. ‘निरंक’ लिहावे तर ज्याला बिअर करता येत नाही त्याने बिअरचा कारखाना का काढावा, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

“काका, अनुभव निरंक असेल तर प्रकरण मंजूर होणं कठीण आहे,” बँकेतला तरुण अधिकारी आदराने म्हणाला.

“आणि खरा अनुभव लिहिला तर?”

“मग काका, तुम्ही आमच्याकडे नाही, वकिलाकडे जायला हवं.”

याच तरुणाने पुढे असेही विचारले की, वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे कोरडे आहेत, चंद्रपूर 2015 साली कोरडे झाले आणि 2021 साली पुन्हा ओले झाले, तेव्हा उद्या आपलाही जिल्हा कोरडा झाला तर हप्ते कोण भरील? आमच्या स्नेह्यांनी या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले नाही, आणि पहिल्या रकान्यात बराच विचार करून ‘अन्नप्रक्रियेच्या एका शाखेचा दीर्घकालीन खाजगी व्यासंग, प्रयोगांसह’ असे लिहिले. हे वाक्य आम्हाला मराठी गद्याच्या वैभवाचा एक नमुना वाटते. त्यात असत्य एक अक्षर नाही आणि सत्यही पकडता येईल असे कोठे नाही. कर्ज मंजूर झाले.

त्यानंतरचे वर्णन लांबविण्यात अर्थ नाही. जमीन बिनशेती असल्याचा दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती आणि मग चालविण्याची निराळी संमती, अग्निशामक दलाचे पत्र, अन्नसुरक्षेचा परवाना, ही यादी कोणत्याही उद्योजकाला तोंडपाठ असते. एवढेच सांगावे लागेल की, रस गाळल्यावर उरणारा जवाचा चोथा नेण्यास शहराबाहेरचे एक गोठेवाले तयार झाले, आणि या सर्व उपक्रमात कोणताही कागद न मागता सहकार्य करणारा घटक म्हणून त्यांच्या म्हशींचा उल्लेख करणे न्यायाचे होईल.

देखरेखीची तरतूद मात्र थांबून पाहण्याजोगी आहे. अधिनियमाच्या 58-अ या कलमान्वये सरकार मद्यनिर्मितीवर आपला नोकरवर्ग नेमू शकते, आणि त्याचा खर्च परवानाधारकाकडून घेऊ शकते. आपल्या हातून गुन्हा घडू नये म्हणून आपल्यावर नजर ठेवणाऱ्या इसमाच्या पगाराची रक्कम आपणच आगाऊ भरावी, यात जो आत्मसंयम आहे तो एरवी योगशास्त्रात सांगितलेला असतो. देखरेखीसाठी येणारे दुय्यम निरीक्षक, आम्ही पाहिले, अतिशय सभ्य गृहस्थ आहेत. ते चहा घेतात, नोंदवही तपासतात, आणि बिअरकडे ज्या अलिप्ततेने पाहतात तिच्यामुळे तिची लिटरांत मोजदाद करणे सोपे जाते. हे निर्माण झालेले पेय कोणाला सांगायचीही चोरी आहे, कारण 24 वे कलम मादक पदार्थांच्या जाहिरातीस मज्जाव करते. आणि ज्याला ते कोणी न सांगता समजले, ज्याचे वय 21 पूर्ण आहे, त्यानेही तृष्णा म्हणून ते पिता कामा नये. ते पिण्याचा परवाना काढावा लागतो, त्याची आजन्म फी 1000 रुपये आहे, आणि तो परवाना स्वास्थ्याचे जतन व संवर्धन या हेतूसाठी दिलेला असतो. शनिवारी रात्री कोरेगाव पार्कात जी तरुण मंडळी दाटीवाटीने उभी असतात, त्यांच्याविषयी कोणी भलते काही बोलू लागले तर आम्ही त्याला हे निदर्शनास आणून देतो की, ती सर्व आपापल्या प्रकृतीची काळजी घेत आहेत.

एका घटकावर मात्र सरकारची हुकमत चालत नाही, आणि तो म्हणजे यीस्ट. 1516 साली बव्हेरियाच्या ड्यूकांनी बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही असू नये असे फर्मान काढले, त्यात यीस्टचे नाव नाही. कारण त्या काळी त्याचे कर्तृत्व कोणास ठाऊक नव्हते, आणि पास्तरने बिअरवरचा आपला ग्रंथ 1876 साली प्रसिद्ध करीपर्यंत जगाची अवस्था फारशी निराळी नव्हती. आमच्या सरकारला ते ठाऊक आहे, तरी निषिद्ध दिनाच्या परिपत्रकांत त्याला उद्देशून एकही सूचना आढळत नाही. मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे 48 तास विक्री थांबते, गांधीजयंतीला थांबते, पण टाकीतले बुडबुडे थांबत नाहीत. पहिल्याच खेपेला निवडणूक आडवी आली, तेव्हा आमच्या स्नेह्यांनी दुय्यम निरीक्षकांना विचारले की, साहेब, हे आत चालले आहे त्याचे काय करू? साहेबांनी टाकीच्या काचेतून बराच वेळ निरीक्षण केले आणि नोंदवहीत ‘विक्री बंद आढळली’ एवढेच लिहिले. असा अधिकारी दुर्मिळ.

परवाना हातात पडला तो फेब्रुवारीच्या अखेरीस. आणि अबकारी वर्ष 31 मार्चला संपत असल्यामुळे त्याच्या नूतनीकरणाची कागदपत्रे जमविण्यास लागलीच प्रारंभ करावा लागला. आता आमचे स्नेही सकाळी नऊ वाजता बगलेत फाइल मारून बाहेर पडतात आणि दिवेलागणीला परततात. बिअर करण्यासाठी त्यांनी एक तरबेज माणूस पगारावर ठेवला आहे, कारण स्वतः करण्यास त्यांना सवड नाही. तिची चव कशी उतरली हे त्यांना गिऱ्हाइकांकडून कळते. वहिनींना फ्रिज परत मिळाला आहे. त्यांचा पुतण्या, जो सध्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने आपल्या वसतिगृहाच्या खोलीत काकांचे जुने पातेले नेऊन काहीतरी आंबत घातले असल्याची बातमी गेल्या महिन्यात आली, तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी तिकडे गेले, पातेल्याचे झाकण काढून त्यांनी वास घेतला, तपमान दोन अंशांनी खाली आणावे असे सुचविले, आणि 12 व 13 या कलमांखाली तांबड्या शाईने रेघा ओढलेली अधिनियमाची एक प्रत त्याच्या टेबलावर ठेवून ते परत आले.