आतलं कोण बघतंय?

गेल्या जूनमध्ये आमच्या कंपनीच्या नोटीस बोर्डावर सर्क्युलर लागलं : ‘सर्व कर्मचाऱ्यांनी फ्लूची लस टोचून घ्यावी. लस मोफत. स्थळ : ओएचसी. वेळ : सकाळी १०.’ खाली सही माझी. भोसरीच्या या कारखान्यात प्रशासन म्हणजे मी. कँटीनच्या आमटीत पाणी जास्त झालं तरी लोक माझ्याकडे येतात आणि स्टाफ बस बंद पडली तरी माझ्याकडेच. इतक्या कागदांवर सह्या कराव्या लागतात की मजकूर वाचायची सवय मोडलीय. वाचला असता, तर ‘सर्व कर्मचाऱ्यांनी’मध्ये आपणही येतो, हे वेळेवर लक्षात आलं असतं.

ओएचसी म्हणजे कारखान्याचा दवाखाना. पाचशेच्या वर कामगार असले की अशी खोली ठेवावीच लागते, कायदाच आहे. कापलेलं बोट, डोळ्यात उडालेला कण आणि सोमवारी सकाळी हमखास दुखणारं पोट, या तिन्हींवर आमचे ब्रदर तिथे उपचार करतात. डॉक्टर रोज तासभर येतात.

सर्क्युलर लागलं आणि शंका निघाल्या. युनियनचे अध्यक्ष डॉक्टरांसमोरच म्हणाले, “साहेब, दोन वर्षांमागं टोचली की एकदा. परत परत कशाला? लहानपणी देवीची टोचली, ती जन्माला पुरली.”

डॉक्टर म्हणाले, “देवीचा विषाणू एकमार्गी होता हो. हा फ्लूचा म्हणजे बहुरूपी. सारखा वरचा अंगरखा बदलत असतो. आपल्या शरीरातले पहारेकरी जुन्या कपड्यांवरून त्याला ओळखायला जातात आणि हा त्यांच्यासमोरून आत शिरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या हंगामात कोण कुठल्या वेशात येईल याचा अंदाज बांधते. त्याप्रमाणे लस बनते. विषाणूचा वाण जिथे सापडला, त्या गावाचं, राज्याचं नाहीतर देशाचं नाव त्याला देतात. व्हिक्टोरिया, डार्विन, ऑस्ट्रिया...”

“भोसरी नाही का त्यात?” पेंट शॉपमधून आवाज आला. “इतकी वर्षं शिंकतोय आम्ही!”

अकाउंट्सच्या काकांची अडचण वेगळी. लशीचा दिवस नेमका एकादशीचा, आणि ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूची, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, “काका, ती पोटात जात नाही, दंडात जाते.” काकांनी हिशेब घातला आणि म्हणाले, “म्हणजे फराळात धरायची नाही.” शंका मिटली.

खरं तर पुणेकरांना फ्लू समजावून सांगायची वेळ येऊ नये. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आपल्याच गावात झाला, तेव्हा शाळा आणि थिएटरं बंद झाली होती. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या होत्या. नाकाला रुमाल आणि खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी घेऊन आम्ही हिंडत होतो. तोच विषाणू आता घरचा होऊन दर हंगामात येतो. पण घरचा झाला की मान कोण देतो?

ठरल्या दिवशी १० वाजता ओएचसीबाहेर गर्दी होती, रांग मात्र नव्हती. पहिला कोण, यावर सगळं अडलेलं. तेवढ्यात प्लांट हेड आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “हाफकिनसाहेबांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तुम्ही तर नुसती सही केलीय!” सगळे हसले आणि मी आत ढकलला गेलो.

ब्रदरनी माझी बाही दुमडायला घेतली. पूर्ण बाहीचा, कडक इस्त्रीचा शर्ट. कोपरापर्यंत गेला आणि अडला. लस टोचायची खांद्याच्या खाली दोन-तीन बोटं.

“साहेब, शर्ट काढा.”

आणि मला बनियन आठवलं.

त्या बनियनबद्दल घरात चार वर्षं वाद चालू होता. आमच्याकडे बनियनचा सेवाकाल ठरलेला असतो : आधी अंगावर, मग स्कूटर पुसायला, शेवटी मोरीत. हे बनियन स्कूटरकडे जायच्या वयाचं झालं, असं हिचं मत. “आतलं कोण बघतंय?” असं माझं. काखेजवळचं भोक आधी वाटाण्याएवढं होतं. मग त्याला शेजार मिळाला, दोघं एकत्र आले, आणि एव्हाना तिथून अख्खी बरगडी बाहेर डोकावत होती. तिकडे विषाणूसुद्धा वरचेवर अंगरखा बदलतो, आणि मी!

दारात पहिल्या पाळीची माणसं टाचा उंचावून उभी. एचआरमधली मुलगी मोबाइल सरसावून : “सर, इकडे बघा. ग्रुपवर टाकायचाय.”

मी शर्टाची तीनच बटणं काढली आणि डावा खांदा तेवढा बाहेर काढला. भोक नेमकं त्याच बाजूला. मग उजवा हात आडवा नेऊन त्यावर घट्ट दाबून धरला. ब्रदरनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे. जाणता माणूस. “खांदा सैल सोडा,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, “टोचा आता.” ते म्हणाले, “टोचून झालं, साहेब. केव्हाच.” अर्धा मिलिलिटर लस आत गेली होती आणि मला पत्ता नव्हता. सुईची भीती घालवायला फाटक्या बनियनसारखं औषध नाही.

पंधरा मिनिटं बाकावर बसवलं, तोवर फोटो ग्रुपवर पोचला होता. खांदा उघडा, चेहरा गंभीर, हात छातीवर. खाली ओळ : ‘सरांचे मनःपूर्वक आवाहन!’ त्याला नमस्कारांचे हात आले, फुलं आली. त्यानंतर रांगही लागली.

संध्याकाळी हिने तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. “हात कशावर ठेवलाय, ते मला ठाऊक आहे,” म्हणाली आणि स्कूटरची किल्ली पुढे केली. त्या रविवारी स्कूटर लखलखीत झाली.

यंदाचं सर्क्युलर मी सही करण्यापूर्वी नीट वाचलं आणि शेवटी एक ओळ वाढवली : ‘लस घेण्यास येताना अर्ध्या बाहीचा, सैल शर्ट घालावा.’ त्या दिवशी १० वाजता पाहतो तर रांगेत सगळ्यांत पुढे युनियनचे अध्यक्ष. टोचून घेतलं, बाही खाली केली आणि जाता जाता माझ्या कानाशी वाकले.

“ती ओळ टाकलीत ते बरं केलंत, साहेब. गेल्या वर्षी उगाच वाद घालावा लागला.”