एकाच दारातून सगळे

१९८२ साली ईमेल धाडण्याच्या एसएमटीपी पद्धतीचे नियम लिहिले गेले, तेव्हा पाठवणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानायचे, असा रिवाज होता. बिचारे सज्जन लोक! आता समोरचा सर्व्हर स्थळाची चौकशी करावी तशी करतो. कुठल्या आयपी पत्त्यावरून आलात? त्या पत्त्याचे रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) काय म्हणते? या डोमेनतर्फे बोलायची परवानगी एसपीएफमध्ये नोंदवली आहे का?

इकडे कचेरीत लाखो रुपयांची फायरवॉल. ती बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच आयपी चिकटवते. साहेबांचे कोटेशन आणि लेखा विभागातल्या व्हायरसग्रस्त संगणकाने रात्रभर वाटलेली लॉटरीची बक्षिसे, दोन्ही एकाच पत्त्यावरून निघतात. पत्ता काळ्या यादीत जातो. (बाहेरच्या चोरासाठी बसवलेली फायरवॉल घरच्या चोराला अदबीने दार उघडून देते, हे विक्रेता सांगत नाही.) मग बैठक भरते आणि ठरते काय, तर ग्राहकांना फोन करायचा : ‘जरा स्पॅम फोल्डर बघता का?’

खरा उपाय साधा : मेल सर्व्हरला फायरवॉलवर स्वतंत्र आयपी द्या, रिव्हर्स डीएनएस आणि एसपीएफमध्ये तोच नोंदवा, बाकीच्यांचे मेल थेट बाहेर धाडण्याचे दार, म्हणजे पोर्ट २५, बंद करा. काम थोड्या वेळाचे, मंजुरी तिमाहीची. त्यातच फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल धाडणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या. रिव्हर्स डीएनएस मात्र त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही चुकलेले नाही.